पिवळा गुलाब, शेड नापास

आमच्या बिल्डिंगखालच्या टपरीवर चहाला नापास करणारा एकच माणूस आहे, सकपाळ काका. ग्लास हातात आला की बाकीचे लोक फुंकर मारतात. काका खिशातून शेडकार्ड काढतात. रंगाच्या दुकानात मिळतं ते, हातातल्या पत्त्यांसारखं पसरणारं, शंभरेक रंगांच्या पट्ट्यांचं कार्ड. त्यातली एक तपकिरी पट्टी ते ग्लासाला लावतात, मान तिरकी करतात आणि निकाल देतात, "शेड बसली नाही. दूध जास्त झालंय. परत टाक." टपरीवाल्याला पहिले काही दिवस वाटलं, म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला आहे. आता काका लांबून येताना दिसले की तो चिमूटभर चहापत्ती जास्त टाकतो आणि ग्लास पुढे करून विचारतो, "काका, पास?"

काका तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षं शेड जुळवत होते. गिऱ्हाइकाने मागितलेला रंग आणि पिंपात तयार झालेला रंग, दोन्ही पत्र्याच्या तुकड्यांवर मारायचे, शेजारी शेजारी धरायचे आणि पास किंवा नापास म्हणायचं, एवढंच त्यांचं काम. पण एवढंच म्हटलेलं त्यांना खपत नाही. "एक थेंब काळा जास्त पडला की अख्खं पिंप बाद. समजलं, मिलिंद?" मी समजलं म्हणतो. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकांचे गेटपास फाडणारा माणूस. माझा आणि रंगांचा संबंध एवढाच, की सळईवर गंज चढलाय की नाही हे मला लांबून कळतं.

रिटायर झाल्यावर कुणी तब्येतीच्या मागे लागतं, कुणी नातवंडांच्या. काका नावडे कॉलनीच्या मागे लागले. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही वाशीला गेलो, तेव्हा आईने त्यांना मोठ्या विश्वासाने बरोबर घेतलं. काका म्हणाले, ट्यूबलाइटखाली बघितलेला रंग हा रंगच नव्हे. रंग बघायचा तो उत्तरेच्या उजेडात. असं म्हणून त्यांनी काउंटरवरची साडी उचलली आणि सरळ फुटपाथवर चालते झाले. मागे दुकानातले दोन नोकर धावत. काका बसस्टॉपपाशी उत्तर दिशा शोधत उभे. साडी शेवटी तीच घेतली, पण चार दुकानांनंतर, आणि तोपर्यंत बहिणीने लग्न रजिस्टर करायचं ठरवलं होतं.

बिल्डिंगला रंग काढला तेव्हा जिन्याची एकच भिंत चार वेळा झाली. पाचव्यांदा रंगाऱ्याने फोन बंद करून ठेवला. एप्रिलमधल्या जयंतीसाठी पोरांनी कापडाचा गठ्ठा आणला, तर काकांनी तो उघडल्या उघडल्या बांधायला लावला. "हा शाळेच्या युनिफॉर्मचा निळा आहे. आपला निळा हा नव्हे." पोरं चिडली, पण गठ्ठा बदलून आणला. आणि मिरवणुकीत उन्हात ते झेंडे फडफडायला लागले तेव्हा मलासुद्धा पटलं की म्हाताऱ्याचं बरोबर होतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. चढून बसतील.

असल्या माणसाला रोजच्या रोज नापास करणारी एक व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची बायको, सुमनकाकू. काकू खेडच्या बाजूच्या. शेडकार्डावरची नावं त्यांना मान्यच नव्हती. त्यांचे सगळे रंग स्वयंपाकघरातले नाहीतर गावचे. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत, आणि ती बांधणाऱ्याने सिमेंट बेताचंच वापरलेलं. त्यामुळे रोज सकाळी आम्हाला रंगांचं भांडण चहाबरोबर मिळायचं.

"अगं, याला आयव्हरी म्हणतात."

"कुळथाची पिठी आहे ती."

"पिठी वेगळी. आयव्हरीत जरा पिवळा असतो."

"तुमची आयव्हरी कुणी खाल्लीय का कधी? पिठी मी रोज करते. मला माहीत."

यावर काका "शेड बसत नाही तुझी आणि माझी" म्हणायचे, आणि काकू म्हणायच्या, "मग मला इतकी वर्षं पास कशाला करत आलात?"

काकूंचं एक वाक्य होतं. काहीही अपेक्षेपेक्षा वेगळं झालं की त्या म्हणायच्या, "आलाय तो राहू दे." जेवायच्या वेळेला न सांगता पाहुणा आला, आलाय तो राहू दे. मुलाने पुण्यात परस्पर तमिळ मुलीशी लग्न जमवलं, जमलंय ते राहू दे. आणि गुलाबाच्या वेळेलाही तेच झालं.

हातगाडीवर रोपं विकणारा एक माणूस कॉलनीत फिरायचा. काकूंनी त्याच्याकडून गुलाबाचं रोप घेतलं. फांदीला चिठ्ठी बांधलेली होती, तीवर लिहिलेलं होतं 'लाल'. दोन महिन्यांनी कळी उघडली ती पिवळी. काका कुंडी उचलून गाडीवाल्याला शोधायला निघाले. त्यांच्या नोकरीत लाल सांगून पिवळा पाठवला असता तर ट्रक गेटातूनच परत आला असता. काकूंनी दारातच अडवलं. "आलाय तो राहू दे. छान आहे. पिठल्यासारखा."

"पिठलं नाही. लेमन यलो."

झालं. पुढची सगळी वर्षं त्या एका झाडावर भांडणं झाली, कारण ते झाडही एका रंगावर ठाम राहीना. डिसेंबरच्या गारठ्यात फूल गडद यायचं, तर काकू म्हणायच्या पिकला फणस. मेच्या उन्हात तेच फूल फिकं पडायचं, तर म्हणायच्या, पिठल्यात पाणी जास्त झालं. उघडतानाचा रंग वेगळा, तिसऱ्या दिवशीचा वेगळा. काका दर फुलाला कार्ड लावायचे आणि एका वहीत काहीतरी लिहायचे. वहीत काय लिहितात ते आम्ही कधी विचारलं नाही. शेडचं काही विचारलं की अर्धा तास जातो हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. चार दिवस दवाखान्यात होत्या, तेवढंच. भिंतीपलीकडचं भांडण बंद झालं. आम्हाला सकाळी फक्त काकांच्या रेडिओचा आवाज यायचा, आणि प्रज्ञा, माझी बायको, एकदा चहा गाळता गाळता म्हणाली, "घर किती गप्प झालं ना यांचं." मी हो म्हणालो आणि पेपर उघडला. मी असाच आहे.

काकांनी मात्र गुलाब सोडला नाही. सकाळी सातला एक मग पाणी, फूल आलं की कार्ड, मग वही.

आता माझी कर्मकहाणी. गेल्या एप्रिलात मुलाने फारच आग्रह केला म्हणून काका दोन महिन्यांसाठी पुण्याला गेले. जाताना चावी माझ्याकडे दिली आणि बरोबर एक कागद. 'सकाळी सात. एक मग. मग निळा, बाथरूममधला. फुलाला हात लावू नये.' मी अगदी नियमाने पाणी घातलं. मेच्या मधल्या आठवड्यात मेहुण्याचं लग्न निघालं, आम्ही नऊ दिवस महाडकडे गेलो, आणि चावी माझ्याच पँटच्या खिशात माझ्याबरोबर गेली. लग्नात तिसऱ्या दिवशी खिशात हात घातला तेव्हा ती लागली. मला घाम फुटला. पण मटणाचं जेवण चालू होतं, आणि मी स्वतःची समजूत घातली की झाडं चिवट असतात.

परत आलो तर कुंडीत काळ्या काड्या उभ्या. मी रोज चार-चार मग पाणी ओतायला लागलो. केळीची सालं टाकली, चहाचा चोथा टाकला, एकदा तर झाडाची माफीही मागितली. आणि पंधरा दिवसांनी चमत्कार झाला. बुंध्यापाशी, अगदी मातीलगत, लुसलुशीत हिरवा कोंब आला. मग दुसरा आला. जूनअखेर कमरेएवढं झाड! मी वरच्या काळ्या काड्या कात्रीने छाटून टाकल्या, म्हणजे प्रश्नच नको. काका आले, झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "ग्रोथ चांगली आहे. पास." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला पास केलं. मी प्रज्ञाकडे असं बघितलं की जणू कृषी पदवी घेऊन आलोय.

नोव्हेंबरात कळी उघडली. गुलाबी.

काका फूल न तोडता कुंडीच उचलून आमच्या दारात उभे राहिले. "मिलिंद, याला काय म्हणशील?"

मी म्हणालो, "गुलाब."

"रंगाला!"

"तुम्ही म्हणाल ते, काका."

त्यांनी निराश होऊन माझ्याकडे बघितलं आणि वरच्या मजल्यावर गेले. नंतर पंधरा दिवस त्यांची चौकशी चालली. टँकरचं पाणी तपासायला बाटलीत भरलं. तळोज्याच्या हवेवर संशय घेतला. "नोकरीत असताना मी ही हवा चौतीस वर्षं खाल्ली, माझा रंग बदलला का?" असं स्वतःच विचारून तो संशय मागे घेतला. थंडीमुळे असेल म्हणाले, मग म्हणाले थंडीने पिवळ्याचा गडद पिवळा होईल, गुलाबी कसा होईल. एक दिवस त्यांना सुचलं की मी लोखंड बाजारातून येतो, माझ्या कपड्यांवर लोखंडाची धूळ असते, ती मातीत पडून रंग फिरला असणार. तेव्हापासून मला त्यांच्या गॅलरीत चप्पल काढून आणि शर्ट झटकून प्रवेश मिळायला लागला. मी मुकाट्याने शर्ट झटकायचो. गुन्हेगाराला दुसरं काय करता येतं?

आणि दर घरात तोच प्रश्न. "याला काय म्हणशील?" लोक म्हणायचे, गुलाबी. काका म्हणायचे, "मी रोझ पिंक म्हणतो." लोक म्हणायचे, "बरोबर, रोझ पिंक." सेक्रेटरी तर दार अर्धंच उघडून म्हणाले, "काका, तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार?" काका खाली मान घालून जिना उतरले. एवढा मान मिळालेला माणूस इतका पडेल चेहऱ्याने उतरताना मी कधी बघितला नव्हता.

"सांगून टाका," प्रज्ञा रोज म्हणायची. "काकूंचं झाड होतं ते."

तेच तर होतं ना. दुसरं कुठलं झाड असतं तर मी हसत सांगितलं असतं. पण काकूंचं झाड मी मारलं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? मला जेवण जाईना. म्हणजे रात्रीचं जायचं, सकाळचं जाईना.

शेवटी कुणीतरी काकांना हिराबाईंचं नाव सांगितलं. नावडे गावात, जुन्या घरामागे, त्यांची गुलाबांची वाडी आहे. आगरी बाई, साठीच्या पुढच्या. पूर्वी शेती होती, जमीन गेल्यावर उरलेल्या तुकड्यात कलमं करून विकतात. काका म्हणाले, "चल, कुंडी धर." मी कुंडी धरली. रिक्षात मला वाटत होतं की मला पोलीस ठाण्यात नेतायत, आणि मुद्देमाल माझ्याच मांडीवर.

हिराबाईंनी कुंडी खाली ठेवायला लावली, उकिडव्या बसल्या आणि बोटांनी बुंध्याची माती बाजूला केली. आत एक गाठ होती. गाठीच्या वर दोन सुकलेली खुंटं, मी कात्रीने छाटलेली. हिरव्या फांद्या सगळ्या गाठीच्या खालून आलेल्या.

"ह्यो बगा सांधा," त्या म्हणाल्या. "खाली गावठी गुलाब आसतो, त्याला खुंट बोलतान. त्याचे सालीन चिर मारून पिवल्याचा डोला, बारका कोंब, भरतान. म तो फुटला का वरती पिवला, न खाली गावठी. तुमचा वरचा मेला. आता खालचा आलाय."

"पण रंग बदलला कसा?" काका सोडायला तयार नव्हते.

"रंग नाय बदलला काका. झाडच दुसरा हाय."

काका वाकून गाठ बघायला लागले. मी हिराबाईंच्या कोंबड्यांचं निरीक्षण करायला लागलो.

"पानी नाय भेटला त्याला," हिराबाई सुकलेलं खुंट नखाने खरवडत म्हणाल्या. "आठ-धा दिस तरी नाय भेटला. उनाचे दिसांन."

मी कोंबड्या मोजल्या. सात होत्या.

"नाराज नको व्हव," त्यांनी काकांकडे बघून आवाज हळू केला. "खुंट झ्याक हाय. मी यावर दुसरा पिवला डोला भरून देतंय. पावसाचे आधी फूल बगशील."

"तोच पिवळा?"

"तो आता कुठशी आनू? दुसरा."

काकांनी कुंडीकडे बघितलं. त्या गुलाबी फुलाचा वास चांगला येत होता, पिवळ्याला कधी नव्हता. मग ते म्हणाले, "नको. आलाय तो राहू दे."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी वाकून कुंडी उचलली.

घरी आल्यावर मी कुंडी गॅलरीत ठेवली, शर्ट झटकला आणि एका दमात सगळं सांगितलं. लग्न, खिशातली चावी, मटण, कात्री, सगळं. मटणाचं सांगायची गरज नव्हती, पण तेही सांगितलं.

"चावी कुणाकडे होती ते मला माहीत आहे रे," काका म्हणाले. "हिराबाईंनी पाणी म्हटलं आणि तू कोंबड्या मोजायला लागलास."

"काका, मी... काकूंचं झाड..."

"बस."

त्यांनी कपाटातून वही काढली. शाळेची दोनशे पानी वही, कोपरे दुमडलेली. पानावर तीन रकाने आखलेले. पहिल्यात तारीख, दुसऱ्यावर 'मी', तिसऱ्यावर 'सुमन'. लेमन यलो, पिठलं. गोल्डन यलो, पिकला फणस. पेल क्रीम, पिठल्यात पाणी. पानंच्या पानं. भांडणातलं प्रत्येक वाक्य त्यांनी शेवटी तिच्या रकान्यात लिहून ठेवलं होतं. गेल्या तीन वर्षांच्या फुलांपुढेही तिसरा रकाना भरलेला होता, पण अक्षर काकांचं आणि शब्द जुनेच. पिठलं. फणस. पिठलं.

"पिवळ्याला ती काय म्हणेल ते मला पाठ होतं," काका म्हणाले. "म्हणून चालून गेलं. हा तिने बघितलाच नाही."

शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, रोझ पिंक. पुढे रिकामं.

"पंधरा दिवस बिल्डिंगभर फिरलो. म्हटलं, कुणीतरी म्हणेल, छे, काय काका, रोझ पिंक कसला! एक माणूस वाद घालत नाही. सगळे म्हणतात, बरोबर. बरोबर, बरोबर! घर खायला उठतं रे या बरोबरने."

झाड मेल्याचं त्यांना हिराबाईंच्या अंगणात कळलं. पण दारोदार ते जे मागत हिंडत होते ते मला आत्ता कळलं, आणि मला स्वतःची लाज वाटली. भिंतीपलीकडे तीन वर्षं हा माणूस एकटा दोन्ही बाजूंनी भांडत होता आणि मी पेपर वाचत होतो.

मी फुलाजवळ गेलो. नीट बघितलं. उत्तर दिशा कुठे आहे ते आठवून कुंडी थोडी फिरवली. खरं सांगायचं तर मला ते रोझ पिंकच दिसत होतं.

"काका," मी म्हणालो, "रोझ पिंक कसला? रताळं आहे हे. रताळ्याची साल."

काकांनी चष्मा काढला. "काय?"

"रताळं."

"रताळं? अरे, रताळ्यात जांभळा असतो! तुला डोळे आहेत का? लोखंडात राहून गंजलास तू!"

"नवं काढलेलं रताळं बघा. धुऊन."

"धुऊन! ऐका! प्रज्ञा, ए प्रज्ञा, इकडे ये जरा!"

प्रज्ञा पदराला हात पुसत आली, फूल बघितलं आणि म्हणाली, रताळं कसलं, ही शिजवलेली कोळंबी आहे. मग आवाज इतका वाढला की वरून सेक्रेटरी काय झालं म्हणून बघायला खाली आले. काका लाल झाले होते, कार्ड नाचवत होते, आमच्या दोघांच्या डोळ्यांचा उद्धार करत होते. त्यांचा एवढा मोठा आवाज मी तीन वर्षांत ऐकला नव्हता. निघताना मी वहीत डोकावलं. तिसऱ्या रकान्यात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'रताळे / कोळंबी. वाद चालू.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. दारात काका, एका हातात निळा मग, दुसऱ्या हातात रताळं. धुतलेलं.

"शेड बसत नाही," ते म्हणाले. "चहा टाकायला सांग. बसून बोलू."